घर रिकामं न करता घराचं काम कसं काढावं

घराचं काम काढलं की कॉन्ट्रॅक्टरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘घर कधी रिकामं करून देता?’ त्याच्या बाजूनं तो बरोबरच आहे. रिकाम्या घरात सगळं एकदम फोडता येतं, सिमेंटच्या गोणी हॉलमध्ये रचता येतात, गवंडी आणि सुतार एकाच वेळी लावता येतात. पण ठाण्यात किंवा नवी मुंबईत दोन-तीन महिन्यांसाठी घर भाड्यानं मिळणं कठीण. मालकांना अकरा महिन्यांचा करार हवा असतो; वर डिपॉझिट, दलाली आणि सामान दोनदा हलवण्याचा खर्च. म्हणून बरीच कुटुंबं आत राहूनच काम करून घेतात. आम्हीही नेरूळच्या आमच्या टू बीएचकेचं काम असंच केलं, आणि ते नीट होऊ शकतं असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी कामाचा क्रम मात्र तुम्ही ठरवायला हवा. कॉन्ट्रॅक्टर तो कामाच्या सोयीनं लावतो, तुम्हाला तो राहण्याच्या सोयीनं लावून घ्यायचा आहे. काम कुठल्याही टप्प्यावर असलं तरी रोज रात्री घरात एक चालू संडास, एक चालू नळ आणि दार बंद होणारी एक स्वच्छ खोली हवीच. पुढचं सगळं या तीन गोष्टींभोवती आहे.

आधी ठरवा, राहायचं की नाही

घरात एकच संडास असेल आणि तोच फोडायचा असेल, तर राहायचा हट्ट धरू नका. सिडकोच्या जुन्या लहान घरांत ही अडचण हमखास येते. शेजारी किंवा नातेवाईक जवळ असतील तर तेवढे तीन आठवडे त्यांच्याकडे सोय करा आणि बाकीच्या कामाला परत या. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचा पेशंट असेल तर फोडाफोडीचे दिवस त्यांनी घराबाहेरच काढावेत. ज्येष्ठांना लेकीकडे किंवा गावी पाठवायचं असेल तर याच दिवसांत पाठवा. रंगकामाच्या वेळी पाठवून उपयोग नाही, तोवर सगळ्यात मोठा त्रास होऊन गेलेला असतो.

इमारतीचं वयही बघा. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. ते झालं असेल तर अहवाल सेक्रेटरीकडून मागून वाचा. वाशी, नेरूळ, नौपाडा, पाचपाखाडी अशा भागांत जुन्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाची बोलणी चालू असतात. तुमच्या सोसायटीत विषय पुढे गेला असेल तर गळती थांबवण्यापुरतं काम करा. इटालियन मार्बल बसवण्याची ही वेळ नव्हे.

हंगामाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर टाळा. पुट्टी वाळत नाही, लाकूड फुगतं, खिडक्या उघड्या ठेवता येत नाहीत. दिवाळीनंतर काम सुरू करायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण सुतार आणि लादीवाले बरेचदा उत्तर भारतातले असतात आणि दिवाळी-छठला गावी जातात. होळीला आणि मे महिन्यातही तेच. कोण कधी जाणार आणि कधी परतणार, हे आधीच विचारून क्रम त्यावर बेता. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत शेजाऱ्यांच्या मुलांसाठी म्हणून तरी फोडकाम ठेवू नका.

सोसायटी आणि खालचे काका-काकू

सोसायटीला लेखी अर्ज द्या. त्यात काय फोडणार, काय हलवणार, किती दिवस लागतील आणि कामगारांची नावं लिहा. कॉलम, बीम आणि स्लॅबला हात लावणार नाही हे त्यातच नमूद करा. कुठली भिंत पाडायची असेल तर ‘ही तर पार्टिशन वॉल आहे’ या कॉन्ट्रॅक्टरच्या शब्दावर जाऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून त्याचं पत्र घ्या.

बहुतेक सोसायट्यांत ठोकाठोकीला सकाळी नऊ-दहा ते संध्याकाळी सहा एवढाच वेळ मिळतो, मध्ये दुपारची विश्रांती आणि रविवारी काम बंद. म्हणजे ब्रेकर मशीन दिवसाला चार-पाच तासच चालणार. कॉन्ट्रॅक्टर ‘आठ दिवसांत फोडून देतो’ म्हणतो, तेव्हा हे तास त्यानं धरलेत का ते विचारा.

काम सुरू होण्याआधी खालच्या मजल्यावर स्वतः जा. त्यांच्या बाथरूम आणि किचनच्या छताचे, भिंतींचे फोटो त्यांच्यासमोर काढा आणि त्यांनाही पाठवा. जुनी ओल कुठे होती आणि नवी कुठे आली, हा वाद मग उद्भवतच नाही. त्यांच्याकडे पाहुणे येणार असतील किंवा बारसं-मुंज असेल तर त्या तारखा टिपून घ्या.

घराचे दोन भाग आणि कामाचा क्रम

टू बीएचकेत मला पटलेला क्रम असा. आधी कॉमन बाथरूम. ते पूर्ण वापरात आल्यावर किचनचा ओटा, सिंक आणि भिंतीवरच्या टाइल्स. ओटा झाला की ट्रॉल्यांचं माप द्या. ट्रॉल्या कारखान्यातून यायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढ्या वेळात बेडरूममधलं बाथरूम फोडा. ओट्याखाली नुसते कप्पे उघडे असले तरी वर गॅस आणि सिंक चालू असल्यानं स्वयंपाक थांबत नाही. बाथरूम-किचनचा राडारोडा हॉलमधून जातो, म्हणून खोल्यांच्या लाद्या त्यानंतर, मग सुतारकाम आणि शेवटी रंग.

लाद्या करताना एका वेळी एकच खोली. जुनी लादी घट्ट आणि सपाट असेल, ठोकल्यावर पोकळ आवाज येत नसेल, तर तीवरच टाइल अॅडहेसिव्हनं नवी लादी लावता येते. त्यात फोडणं, धूळ, गोण्या सगळंच वाचतं आणि आत राहणाऱ्यांसाठी हा मोठाच दिलासा असतो. फक्त दारं खालून कापावी लागतात आणि बाथरूमच्या उंबऱ्याची उंची आधी तपासावी लागते, नाहीतर पाणी खोलीत येतं. इमारत जुनी असेल तर वाढणाऱ्या वजनाबद्दल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नका.

राहायची म्हणून जी खोली ठरवाल तिच्यात शक्यतो शेवटी काम न्या. पलंग, मुलांचा अभ्यास, फ्रिज, राउटर आणि देव, सगळं तिथंच. देवघर मोठं असेल तर नेहमीच्या पूजेतले चार देव एका चौरंगावर घ्या, बाकीचे स्वच्छ कापडात बांधून वर ठेवा. दागिने आणि घराची कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये. रोज नवी माणसं येतात-जातात, त्यांच्यावर उगाच संशय घ्यायची वेळ येऊ नये.

बाथरूम: इथं घाई केली तर सगळं वाया

घराच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त घाईत उरकला जाणारा भाग हाच. एका बाथरूमला साधारण तीन आठवडे धरा.

फोडायच्या आधी तुमच्या फ्लॅटचे पाण्याचे व्हॉल्व्ह डक्टमध्ये कुठे आहेत ते शोधा आणि बंद करून बघा. जुन्या इमारतींत ते गंजून अडकलेले असतात. फिरतात, पण पाणी थांबत नाही. तसं असेल तर आधी ते बदला. त्यासाठी अख्ख्या विंगचं पाणी तासभर बंद करावं लागेल, म्हणून आदल्या दिवशी बोर्डावर नोटीस लावा. प्लंबरला सांगून दोन्ही बाथरूम आणि किचनला वेगवेगळे व्हॉल्व्ह बसवून घ्या. एका ठिकाणी काम चालू असताना दुसऱ्या ठिकाणी नळाला पाणी राहतं ते यामुळेच.

कमोड काढला की खालच्या पाइपाचं तोंड त्याच मिनिटाला कापडाचा बोळा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीनं घट्ट बंद करा आणि त्यावर जुनी लादी ठेवा. विटेचा एक तुकडा आत पडला तर विंगची उभी लाइन तुंबते आणि पाणी तळमजल्यावरच्यांच्या घरात वर येतं. नहाणी ट्रॅपचंही, म्हणजे जमिनीतल्या निचऱ्याच्या जाळीखालच्या तोंडाचंही, तसंच.

जुना कोबा, म्हणजे लाद्यांखालचा विटा-सिमेंटचा थर, काढताना वरवर ब्रेकर चालेल, पण स्लॅबजवळ आल्यावर छिन्नी-हातोडाच. स्लॅब उघडा झाला की तो झाडून, धुऊन नीट बघा. सळ्या गंजलेल्या दिसत असतील तर त्यांची दुरुस्ती आधी, वॉटरप्रूफिंग नंतर. नवे पाइप भिंतीत गेले की लगेच प्लास्टर मारू देऊ नका. प्लंबरकडून प्रेशर टेस्टचा पंप लावून घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी काटा उतरलेला नसेल तरच खाचा बुजवायच्या. त्याआधी प्रत्येक भिंतीला मेजर टेप लावून फोटो काढा, म्हणजे कुठला पाइप जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते कायमचं कळेल. पुढे टॉवेलचा रॉड लावायला ड्रिल माराल तेव्हा हेच फोटो कामाला येतील.

वॉटरप्रूफिंगचा थर फरशीपुरता नसतो. तो भिंतीवर किमान फूटभर वर चढवायचा, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) मारून घ्यायचा आणि पाइप स्लॅबमधून जातो तिथे विशेष लक्ष द्यायचं. गळती बहुतेक वेळा तिथूनच होते.

थर वाळला की पाण्याची टेस्ट. ट्रॅपची तोंडं बंद करा, दोन-तीन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची रेघ मारा आणि ४८ तास थांबा. थोडं पाणी हवेत उडतं, त्याची काळजी नको. पण रेघेपासून बोटभर खाली गेलं असेल किंवा खालच्या काकूंच्या छतावर ओलसर डाग उमटला असेल, तर थर परत करायचा. नवा कोबा घातल्यावर, लाद्या लावायच्या आधी हीच टेस्ट पुन्हा घ्या. मिस्त्री म्हणेल, ‘एकदा झाली ना, आता गरज नाही.’ गरज आहे. कोबा घालताना फावड्यानं थर फाटू शकतो, आणि लाद्या लागल्यावर ते कळलं तर सगळं परत फोडावं लागतं.

पहिल्या बाथरूममध्ये फ्लश, गीझर, निचरा सगळं आठवडाभर घरच्यांनी वापरून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू देऊ नका. माणसं रिकामी बसतील म्हणून कॉन्ट्रॅक्टर घाई करेल. तेवढ्या दिवसांत त्यांच्याकडून खिडक्यांच्या पट्ट्या, दारांच्या चौकटी, माळ्याचं काम करून घ्या.

धूळ

आवाजाची सवय होते, धुळीची होत नाही. टाइल, विटा, सिमेंट कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साचते आणि वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्यांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. म्हणून टाइल कापताना पाण्याची धार हवीच, आणि कटिंग बाल्कनीत किंवा फोडलेल्या बाथरूमच्या आतच व्हावं. कामगारांना एन-९५ मास्क आणि गॉगल तुम्ही आणून द्या. कॉन्ट्रॅक्टर देईल म्हणून वाट बघू नका.

काम चालू असलेल्या भागाच्या दारावर जाड प्लास्टिक असं लावा: चौकटीच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना मास्किंग टेपनं पूर्ण चिकटवा, खाली फूटभर जास्त सोडून त्यावर लाकडी पट्टी ठेवा. ये-जा करायला मधोमध उभी चीर द्या आणि आतल्या बाजूनं दुसरं प्लास्टिक फक्त वरून चिकटवून पडद्यासारखं सोडा. माणूस आत गेला की ते आपोआप झाकलं जातं. त्याच खोलीच्या खिडकीत एक्झॉस्ट फॅन किंवा साधा टेबल फॅन बाहेर तोंड करून चालू ठेवा, म्हणजे हवा घरातून त्या खोलीकडे ओढली जाते आणि धूळ उलटी येत नाही. तुमच्या खोलीच्या दाराखाली ओला टॉवेल. काम चालू असताना त्या खोलीतला एसी बंद ठेवा, नाहीतर फिल्टर दोन दिवसांत भरतो.

संध्याकाळी कोरडा झाडू मारायचा नाही. आधी पाणी शिंपडून राडारोडा गोळा करायचा, मग ओल्या फडक्यानं दोनदा पुसायचं. लाद्या उचलल्या की खालचा चुरा लगेच गोणीत भरून तोंड बांधायचं.

जुन्या रंगाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या थरांत, विशेषतः दारं-खिडक्या आणि ग्रिलवर, शिसं असू शकतं. लहान मुलं घरात असतील तर ते थर कोरडे घासू देऊ नका. ओलं करून खरवडा आणि मुलांना तेवढा दिवस बाहेर ठेवा. जुन्या इमारतीत सिमेंटचे करडे पत्रे किंवा तसेच पाइप असतील तर त्यात अॅसबेस्टॉस असण्याची शक्यता धरा. ते तोडायचे, कापायचे नाहीत. भिजवून अखंड काढायचे.

ओटा नसतानाचा स्वयंपाक

किचन पूर्ण बंद असण्याचा काळ आठ-दहा दिवसांवर जाऊ देऊ नका. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, इंडक्शन शेगडी, कुकर, एक कढई आणि मसाल्याचा डबा एवढं पुरतं. इंडक्शन दोन हजार वॅटपर्यंत वीज खातं, म्हणून ते १६ अँपिअरच्या प्लगवरच लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नको. भांडी घासायला वॉशिंग मशीनचा नळ आणि निचरा असलेली बाल्कनी उत्तम. सिंकचं काम बाथरूममध्ये करायची वेळ आली तर खरकटं गाळणीतून जाऊ द्या, नव्या ट्रॅपमध्ये भात अडकायला नको. पोळ्यांसाठी कोपऱ्यावरचं पोळी-भाजी केंद्र आहेच. घरी वरण-भात आणि एक भाजी केली तरी जेवण नीट होतं.

पाइप गॅस असेल तर ओटा फोडायच्या आधी गॅस कंपनीला कळवून त्यांच्या माणसाकडूनच लाइन बंद करून, हलवून घ्या. प्लंबरला तिथं हात लावू देऊ नका, त्यानं कितीही सोपं आहे म्हटलं तरी.

वीज, माणसं, राडारोडा

वायरिंग बदलायची असेल तर एका दिवशी एकाच खोलीचं सर्किट बंद, आणि संध्याकाळी तुमच्या खोलीचे दिवे-पंखे चालू करूनच इलेक्ट्रिशियननं जायचं. कामगारांची मशीन्स ज्या बोर्डावर चालतात त्याला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असावा. ओल्या जागेत उघड्या वायरी प्लगमध्ये खुपसून कटर चालवणारी माणसं सगळीकडे दिसतात. आपल्या घरात ते चालू द्यायचं नाही. नव्या वायरिंगमध्ये साधारणपणे दिव्यांना दीड, १६ अँपिअरच्या प्लगना अडीच आणि एसी-गीझरला चार चौरस मिलिमीटरची वायर वापरतात. वायरीचं बंडल उघडायच्या आधी त्यावरचा आकडा वाचा.

माणसांना पिण्याचं पाणी, बसायला सावलीची जागा आणि संडास लागतो. सोसायटीत खाली कामगारांसाठी सोय आहे का ते पहिल्याच दिवशी विचारा. नसेल तर आपला वापरू द्या. सकाळी काम सुरू होताना दहा मिनिटं मिस्त्रीशी बोला: आज काय, कुठे, संध्याकाळी काय चालू स्थितीत मिळणार. दिवसभर दहा सूचना देण्यापेक्षा हे एक बोलणं उपयोगी पडतं. घरातल्या एकानंच सूचना द्याव्यात.

राडारोडा कुठे जाणार, हे करारात लिहून घ्या. नवी मुंबईत खाडीकाठी आणि कांदळवनांत डेब्रिज टाकण्याचा त्रास वर्षानुवर्षं चालू आहे आणि महापालिकेची भरारी पथकं अशा गाड्या पकडतात. ठाण्यातही खाडीकिनाऱ्याची तीच कथा. तुमच्या बाथरूमच्या विटा कांदळवनात गेल्या तर त्याला तुम्हीही जबाबदार आहात. नवी मुंबईत विभाग कार्यालयात, ठाण्यात प्रभाग समितीत विचारून अधिकृत जागेची आणि शुल्काची माहिती घ्या, आणि गाडी खाली झाल्याची पावती मिळाल्यावरच कॉन्ट्रॅक्टरचा तो हप्ता द्या. गोण्या जिन्यात साठू देऊ नका. लिफ्ट वापरायची परवानगी असेल तर आत प्लायवूड लावून घ्या.

पैसे आणि शेवटचे आठवडे

हप्ते तारखांवर बांधू नका, कामाच्या टप्प्यांवर बांधा: पाण्याची दुसरी टेस्ट पास झाल्यावर एक, ओटा वापरात आल्यावर एक, असे. अंदाजपत्रकाच्या वर पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा, कारण जुन्या घरात भिंत उघडली की काहीतरी निघतंच. आत राहून काम केल्यानं मजुरीचे दिवस वाढतात, ते कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलं तर घासाघीस करू नका. ती वाढ रास्त आहे.

पॉलिश आणि थिनरचं काम चालू असेल त्या दिवशी घरात गॅस, अगरबत्ती, निरांजन काहीही पेटवायचं नाही. थिनरची वाफ पटकन पेट घेते. नवं प्लायवूड, लॅमिनेट आणि पॉलिशचा वास असलेल्या खोलीत लगेच झोपू नका. आठवडाभर कपाटांची दारं आणि खिडक्या उघड्या ठेवा, मग कपडे लावा.

एकूण रकमेतले किमान दहा टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायचे, हे करारातच लिहा. जुलैच्या झडीत खिडकीच्या कडा, बाथरूमच्या बाहेरच्या भिंती आणि खालच्यांचं छत बघा. पोपडे नसतील, ओल नसेल, तर उरलेले पैसे चुकते करा. पाइपांचे फोटो, टाइलचे नंबर आणि रंगाचे शेड-कोड एका फाइलमध्ये घालून ठेवा, आणि प्रत्येक टाइलचे चार-सहा तुकडे माळ्यावर. तोच डिझाइन पुढच्या वर्षी दुकानात मिळेलच असं नाही.